कपाटामागचं दार

पाळकसाहेब थकले होते. झोपून जाईल असा तो थकवा नव्हता. तीस वर्षं दर रविवारी उभं राहून देवाबद्दल बेताबेताने बोलायचं, कोणाला धक्का लागणार नाही एवढंच बोलायचं, त्याचा हा शीण होता. देवदूत म्हणजे चांगला विचार, सैतान म्हणजे वाईट प्रवृत्ती, चमत्कार म्हणजे बोधकथा. हे ते इतक्या सफाईने सांगत की मंडळी मान डोलवायची आणि घरी जाऊन पोटभर जेवायची. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

शनिवारी सकाळी त्यांची लेक तान्हुलीला खांद्यावर टाकून चर्चच्या कचेरीत आली. दुसऱ्या दिवशी तान्हुलीचा बाप्तिस्मा होता.

"बाबा, उद्या ते दार उघडायचं."

"कुठलं दार?"

"माहीत असून विचारू नका."

चर्चच्या उत्तरेच्या भिंतीत, बाप्तिस्म्याच्या कुंडासमोर, एक ठेंगणं दार होतं. जुन्यांची रीत अशी, की बाप्तिस्म्याआधी ते उघडायचं आणि आईबापांनी त्याकडे तोंड करून उभं राहायचं. पाळकाने विचारायचं, "सैतानाला आणि त्याच्या सगळ्या कामांना सोडता का?" त्यांनी "सोडतो" म्हणायचं. मग पाळकाने दाराकडे हात करून सैतानाला बाहेर व्हायला फर्मावायचं आणि दार लावून घ्यायचं. पाळकसाहेब तेव्हा नवे, शिकून आलेले. त्यांना या प्रकाराची लाज वाटली. त्यांनी प्रश्न उपासनेच्या पुस्तकातून गाळला आणि दारापुढे लोखंडी कपाट आणून ठेवलं.

"अगं, तू व्यसनमुक्ती केंद्रातली नर्स," ते म्हणाले. "तुला हे कशाला हवं?"

"तिथे रोज बघते म्हणूनच हवं. औषधं मीच देते बाबा, आणि ती लागतातच. पण आजार माणसाचा द्वेष करत नाही. तिथे जे असतं ते करतं. दादा तुमच्याकडे तेच सांगायला आला होता."

पाळकसाहेबांनी समोरच्या खुर्चीकडे पाहिलं. चार वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा याच खुर्चीत बसला होता. दारूने हात थरथरत होते. "बाबा, माझ्या आत कोणीतरी आहे," तो म्हणाला होता. "तुम्ही त्याला जायला सांगा ना." पाळकसाहेबांनी चर्चमध्ये जाऊन दारापुढच्या त्या कपाटातून एका समुपदेशकाचं कार्ड आणून त्याला दिलं. पोरगा कार्ड बघून हसला. "यांच्याकडे तीनदा जाऊन आलोय," म्हणाला आणि उठून गेला. सात महिन्यांनी तो वारला. त्यात समुपदेशकाची काही चूक नव्हती. त्यांच्याकडे जे मिळतं ते मागायला पोरगा बापाकडे आलाच नव्हता.

"आणि मी नुसतंच म्हटलं, पण माझा विश्वासच नसला तर?" त्यांनी लेकीला विचारलं.

"माझ्या लेकीसाठी म्हणा. विश्वासाचं मागाहून बघू. नाहीच जमत तर आत्ताच सांगा, मी दुसऱ्या पाळकांकडे नेते तिला." तिचे डोळे भरले होते. "एक गेलाय बाबा."

दुपारी त्यांनी घंटेवाल्या काकांना बोलावलं. काकांनी सत्तरी ओलांडलेली, पण जिभेला अजून धार.

"तीस वर्षं उशीर केलात, साहेब. तेव्हा माझी कंबर शाबूत होती."

कपाट हलेना म्हणून आधी रिकामं करावं लागलं. जुने अहवाल, फाटकी गाण्यांची पुस्तकं, आणि रबर लावलेला त्या कार्डांचा गठ्ठा. कार्डं पाळकसाहेबांनी फेकली नाहीत, टेबलाच्या खणात ठेवली. ती लागतात. मग दोघांनी ढकलत, धापा टाकत कपाट बाजूला केलं. दाराची कडी गंजली होती. काकांनी तिच्यावर तेल सोडलं.

"बिचारा इतकी वर्षं आतच कोंडलेला," काका म्हणाले. "जायचं म्हटलं तरी वाट नको का त्याला?"

एरवी पाळकसाहेब हसले असते.

रविवारी चर्च भरलं होतं. लेक आणि जावई उघड्या दाराकडे तोंड करून उभे राहिले. पाळकसाहेबांनी कागदावरून प्रश्न वाचला.

"सोडतो," दोघं म्हणाले. काकाही मागून म्हणाले, कोणी विचारलं नसताना.

आता फर्मावायचं होतं. पाळकसाहेबांनी दाराकडे पाहिलं. बाहेर अंगण, ऊन आणि भिंतीवर वाळत घातलेला फडका. आपल्याला ओशाळं वाटेल अशी त्यांनी मनाची तयारी केली होती. ओशाळं वाटलं नाही, राग आला. चार वर्षं ते स्वतःवर रागावले होते, मुलावर रागावले होते, रात्री कधी देवावरही. आज पहिल्यांदा त्या रागाला त्याचा खरा पत्ता सापडला.

"बाहेर हो," ते म्हणाले. "या लेकरावर तुझा हक्क नाही."

काका दार लावायला पुढे आले.

"थांबा काका."

पाळकसाहेब स्वतः दाराशी गेले आणि चौकट धरून उभे राहिले. कागद कुंडाशीच राहिला होता.

"माझ्या मुलाला सोड," ते म्हणाले. "त्याच्यातून बाहेर हो."

मंडळी एकमेकांकडे बघू लागली. लेकीने हुंदका दिला. चार वर्षं उशीर झाला होता, हे तिला माहीत होतं आणि त्यांनाही. त्यांनी दार लावलं, कडी घातली आणि नातीला घ्यायला हात पुढे केले.