फाटकावरचा पिवळा रुमाल

मित्रांनो, तोराकिची आजोबांच्या थोरल्या नातीचे लग्न झाले, त्याच वर्षी नगरपालिकेने मला त्यांच्या घरी धाडले. मी एक पिवळा रुमाल आहे. आता जुना झालो आहे.

नदीकाठच्या आमच्या वस्तीत प्रत्येक घराला माझ्यासारखा एकेक रुमाल मिळाला होता. पूर किंवा भूकंप आला, की घरातली सगळी माणसे सुखरूप बाहेर पडल्यावर आम्हाला फाटकाला बांधायचे. रुमाल दिसला, की मदत पथक ते घर सोडून पुढे जाई.

फुसाए आजींनी माझ्या कोपऱ्यावर निळ्या दोऱ्याने घराचे नाव घातले. एकदा आजोबा मुळ्याच्या वाफ्यातून आले आणि त्यांनी मान पुसायला मलाच ओढले.

"अहो, तो नगरपालिकेच्या ऑफिसचा आहे!" आजी ओरडल्या.

"मग? ऑफिसला घाम येत नाही वाटतं?"

तो हात, तो घामाचा वास मला अजून हवासा वाटतो.

पुढे आजोबांचे गुडघे गेले. दर सप्टेंबरला पुराचा सराव होई. भोंगा वाजला, की सगळे टेकडीवरच्या शाळेकडे निघत. चालता न येणाऱ्यांना पथकाची माणसे पाठीवर घेत. पण आजोबांनी तीस वर्षे देवळाच्या उत्सवात पालखीला खांदा दिला होता. साऱ्या गल्लीदेखत कोणाच्या पाठीवर बसणे त्यांना नको वाटे.

"बांध रुमाल," ते म्हणत. "लोकांना कशाला त्रास? खोटाखोटा तर पूर आहे."

आजी मला बांधत. मग पडदे ओढून दोघे आत गुपचूप चहा पीत बसत. बाहेर गल्लीप्रमुख मोरिवाकी-सान मोठ्याने म्हणत, "बघा, शिका जरा! म्हाताऱ्यांचा पहिला नंबर, आणि आमची बायको अजून पावडर लावतेय!" आत दोघे तोंड दाबून हसत. मीही ऐटीत फडफडत असे.

नवव्या वर्षी खरे वादळ आले. दुपारी भोंगा वाजला. आजींच्या हाताला सवयच झाली होती. त्यांनी मला बांधले आणि आत जाऊन चहाचे आधण ठेवले.

"या वेळी बोलावू या का हो त्यांना?" आजींनी विचारले.

"थांब गं. ओसरेल आता."

पाणी ओसरले नाही. ते फाटकाला लागले तेव्हा पथक आले. मोरिवाकी-सान यांनी मला पाहिले.

"हे घर झालं. पुढं चला!"

आतून आजी हाका मारत होत्या. पावसात कोणाला ऐकू गेले नाही. मी सुटून पडायची धडपड केली, पण आजींची गाठ नेहमीच घट्ट असे.

संध्याकाळी होडीतून आलेल्या लोकांनी आजींना कपाटावरून उतरवले.

आता मी खणात घडी होऊन असतो. सरावाच्या दिवशी आजी पायरीवर बसून राहतात आणि मोरिवाकी-सान रुमाल असो वा नसो, प्रत्येक दार ठोठावतात. मला मात्र पुन्हा एकदा कोणाची तरी मान पुसायची आहे. मित्रांनो, आम्हाला बांधण्याआधी घरात वळून बघा. आणि कोणी पाठ पुढे केली तर लाजू नका, बसा.

तोराकिची आजोबा त्या वादळात, सप्टेंबरच्या अठरा तारखेला, दुपारी चारच्या सुमारास घरातच बुडून वारले. ते ब्याऐंशी वर्षांचे होते.