सरांचा आरसा आणि आठ डांबरगोळ्या

आमच्या आकाशनिरीक्षण मंडळाची दुर्बीण पावसाळ्यात माझ्या घरी असते. मी साड्यांना फॉल-पिको करते. लोकांच्या पैठण्या चार-चार महिने माझ्या कपाटात पडून असतात, आणि आजवर एकीलाही बुरशीचा ठिपका लागलेला नाही. "जिथे पैठणी टिकते तिथे आरसा टिकेल," असं श्रीनिवास सर बैठकीत म्हणाले आणि विषय संपला.

आरसा म्हणजे दुर्बिणीच्या नळीच्या तळाशी बसवलेला, ताटलीएवढा, किंचित खोलगट. आकाशातला उजेड तो गोळा करतो. सरांनी तो विकत आणलेला नाही. नारायण पेठेतल्या दोन खोल्यांत, काचेवर काच घासत, अकरा महिन्यांत त्यांनी तो घडवला. तेव्हा ते शाळेत गणित शिकवत. आता पंचाहत्तरीचे आहेत.

यंदा पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळला. मला काळजी वाटली, म्हणून पैठण्यांना करते तेच केलं. आठ डांबरगोळ्यांची पुरचुंडी नळीत सोडली, तोंड बंद केलं, वरून प्लास्टिक बांधलं. स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं.

नोव्हेंबरअखेरच्या शनिवारी कोथरूडला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सगळे जमले. पुरचुंडी मी सकाळीच काढली होती आणि नळी दिवसभर वाऱ्याला ठेवली होती, त्यामुळे वास उरला नव्हता. दिवेलागणीची वेळ. खालून कुकरच्या शिट्ट्या आणि स्कूटरचे हॉर्न येत होते, आणि डोक्यावर अष्टमीचा अर्धा चंद्र. अशा वेळी त्याच्याकडे बघत राहिलं की गच्ची होडीसारखी हळूच हलते असं मला वाटतं. कुणाला सांगत नाही.

पहिली नजर सरांची, हा आमचा रिवाज. सर वाकले. बराच वेळ फोकसचं बटण मागेपुढे करत राहिले. मग बाजूला झाले.

त्या दिवशी अकरा जण नवीन होते. सगळ्यांत पुढे सलोनी, आयटीतली.

"ओ माय गॉड! सर, हे लाइव्ह आहे?"

"नाही, आत फोटो चिकटवलाय," सर म्हणाले. "स्वच्छ दिसतंय का?"

"सुपर क्लिअर!"

सरांनी अकराही जणांना तोच प्रश्न विचारला. अकराही जणांनी 'एकदम स्वच्छ' म्हणून सांगितलं. बिचाऱ्यांनी दुर्बिणीतून चंद्र पहिल्यांदाच पाहिला होता.

मग मी वाकले. चंद्र दुधात भिजवून काढल्यासारखा दिसत होता. त्याच्या विवरांत एरवी असा काळोख असतो की आत पाय सोडून बसावंसं वाटतं. तो आज राखाडी होता. आणि मला माझ्या ट्रंकेचं झाकण आठवलं. डांबरगोळ्या ठेवल्या की पावसाळ्यात त्याच्या आतल्या बाजूला पांढरे कण धरतात.

"काय, कल्याणीबाई? स्वच्छ आहे ना?"

सगळे बघत होते. "हो सर," मी म्हणाले. "स्वच्छ आहे."

उद्या गुपचूप आरसा धुऊन टाकायचा, असं मनाशी ठरवलंही.

मंडळी जेवायला पांगली. सर पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसले आणि भिंगांची पेटी त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली.

"उन्हाळ्यात डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. थेंब घालतोय. इतक्या लवकर नजर जाईल असं मात्र वाटलं नव्हतं. अकरा जणांना विचारलं, तुम्हालाही विचारलं. मला चंद्र पुसट दिसतोय, बाई. पुढच्या वेळेपासून तुम्ही दाखवा. मी आता येणार नाही."

आरसा गुपचूप धुतला असता, तरी त्यात बघायला सर आले नसते. आणि मंडळात मी 'दुर्बीण सांभाळणाऱ्या कल्याणीताई' म्हणून मिरवत राहिले असते.

"सर, मी खोटं बोलले. चंद्र पुसटच आहे. मी नळीत डांबरगोळ्या ठेवल्या होत्या."

"किती?" सरांनी विचारलं.

"आठ."

"अहो, तो आरसा आहे. तुमच्या गिऱ्हाइकाचा शालू नव्हे."

त्यांनी टॉर्च नळीत तिरका धरला. तळाशी आरसा साय धरल्यासारखा पांढुरका झाला होता. सर वाकून बघत राहिले. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं हसतायत. मग चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले.

"अकरा महिने घासलाय मी हा," ते म्हणाले.

नजर वाचली म्हणून डोळ्यांत पाणी आलं की आरशासाठी, हे मी विचारलं नाही.

रविवारी सकाळी ते माझ्या घरी हजर. "आधी ग्रुपवर लिहा," म्हणाले. मी लिहिलं, आठ हा आकडासुद्धा. सलोनीनं सोळा हसरे चेहरे पाठवले.

आरसा नळीतून काढून रात्रभर उघडा ठेवला होता, त्यामुळे बराचसा थर उडून गेला होता. उरलेल्यासाठी टबात बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि कापूस. "दाबायचं नाही. कापसाचं वजन पुरे," सर म्हणाले. रेशमावर आयुष्य गेलेल्या बाईला हे सांगत होते. पण मी ऐकून घेतलं. आज ऐकून घेण्याचाच दिवस होता.

धुतलेला आरसा मागच्या खोलीत, खिडकीपासून चार फुटांवर, टेबलावर, खिडकीकडे तोंड करून उभा ठेवला. आणि खिडकीशेजारच्या भिंतीवर बाहेरचा शेवगा उमटला. लहानसा, उलटा, पान न् पान हलतंय.

सरांनी एक डोळा हातानं झाकला. मग दुसरा.

"डाव्यानं कडेकडेचं जरा कमी दिसतं."

"आणि उजव्यानं?"

"उजव्यानं शेंगा मोजता येतायत."

"मग मोजा की."

ते मोजू लागले. सातपर्यंत गेले आणि भिंतीवरची नजर न काढता म्हणाले, "पुढच्या पावसाळ्यात आरसा माझ्याकडे राहील."

"हो सर."

मनाला लागायचं तेवढं लागलं. मग एक पोपट खालून वर पडल्यासारखा आला आणि पाय आभाळाकडे करून फांदीवर बसला. उजेडाच्या आड येऊ नये म्हणून आम्ही दोघं भिंतीला पाठ चिकटवून, माना वळवून उभे राहिलो. सरांनी आठवी शेंग मोजली.