सासूबाईंच्या नऊवारीला कात्री

मित्रांनो, मी एक जुनी नऊवारी आहे, आणि त्या राजनंदिनीच्या वागण्याबद्दल मला आधी बोलायचं आहे. माझ्या वयाच्या बाईला कुणी फरशीवर आडवं पाडतं का? अंगावर खडूच्या रेघा मारतं का? वर म्हणते, "काका, इथून कापा." जणू मी भोपळाच!

मी मागावरची, हिरवी, लाल काठाची. मिरजगावच्या भिमाबाईच्या अंगावर मी बाजार केले, लग्नं गाजवली. "काय काठ आहे!" असं बायका म्हणायच्या आणि भिमाबाई ऐकू न आल्यासारखं करायची. पुढे गुडघ्यांमुळे तिला नेसणं जमेना. ती गाऊनवर आली आणि मी पेटीत गेले. कसर लागेल या भीतीनं अंधारात दिवस काढले.

तिथून मला सहादेवनं काढलं. हा भिमाबाईचा लेक. नागापूरच्या कारखान्यात कामाला जातो आणि सावेडीत राजनंदिनीच्या मंडळात नाचतो. तिथे बॅले बसवतात. म्हणजे सगळी गोष्ट नाचून सांगायची, तोंडातून शब्द काढायचा नाही. त्यात सहादेव मला नेसून खाष्ट सासू होतो. सुनांवर डोळे वटारत ठुमकत येतो, घसरतो आणि दोन्ही पाय पसरून धप्पदिशी बसतो. मग काही झालंच नाही अशी मान ताठ करून उठतो. लोक पोट धरून हसतात. त्या पडण्यात माझाही वाटा आहे बरं. भिमाबाईनं त्याला नेसायला शिकवतानाच सांगितलं होतं, "मागं जरा ढिली सोड. बाईला रानात उठबस असती, जागा लागती."

अडचण एकच. सासू आत गेली की सहादेवला नवरदेवाच्या कापडी घोड्याचे मागचे पाय व्हायचं असतं, आणि लगेच पुन्हा सासू. गेल्या खेळाला तो मला नेसेपर्यंत गाणं पुढे गेलं आणि सुना सासूशिवायच नाचल्या. म्हणून राजनंदिनीनं ठरवलं, मला कापून पायजम्यासारखी शिवून घ्यायची.

सूर्यभान शिंपी आले. कात्री काठाला थंडगार लागली. ओरडावं तर तोंड नाही, पळावं तर पाय नाहीत.

"म्याडम, आईची हाय वो ती," सहादेव म्हणाला.

"आईचीच राहील की! फक्त शिवलेली."

"ताई, एकदा कापलं की म्हागारी न्हाई बरं का," सूर्यभान म्हणाले, आणि कच्‌! भिमाबाईनं ज्याला कधी खिळा लागू दिला नव्हता, तो काठ तुटला. आता पुढची कच्‌ कधी येते, म्हणून मी कान लावून पडून राहिले.

पण सूर्यभान थांबले. "बैठकीचं माप ऱ्हायलं. दादा, ती बाजारातली घाला आन्‌ बसून दावा."

राजनंदिनीनं नमुन्याला एक शिवलेली नऊवारी आणली होती. लग्नात फोटोपुरतं उभं राहायला नेसतात तसली. सहादेवनं ती चढवली आणि बस म्हटल्यावर सासूसारखाच बसला. धप्प! आणि टर्रर्र! कमरेपासून खालपर्यंत.

सुना झालेल्या पोरी भिंतीला टेकून हसल्या. "सासूबाई, झाकून घ्या वो!" सहादेवनं सवयीनं मान ताठ केली.

राजनंदिनी मात्र हसली नाही. तिनं कात्रीवर हात ठेवला. "राहू द्या काका. हिचंही असंच व्हायचं. मग दुसरी कुठून आणू?"

"आन्‌ घोडं?" सहादेवनं विचारलं.

"मागचे पाय मी होईन."

मग ती माझ्याजवळ बसली आणि काठाची चीर शिवू लागली. एक टाका इकडे, एक तिकडे. कात्री शेजारीच पडली होती. मी तिच्यावरच नजर ठेवून होते. मित्रांनो, जुन्या माणसाला काय आणि जुन्या कापडाला काय, बदलायला जाण्याआधी ते कसं वागतं एवढं तरी बघत जा.

आणि राजनंदिनी, तुला ऐकू येवो न येवो, तोंडावर सांगते. "शिवणकाम तुला येत नाही बाई. पण चुकलीस हे कळल्यावर घोड्याचं शेपूट व्हायला लाजली नाहीस. सून म्हणून मला पसंत आहेस. आता ती कात्री उचल आधी!"