दाकेया, त्यांना सांग

"त्यांना म्हणावं, मी काही सरपणाची मोळी नाही पाठीवर टाकून न्यायला," खडकाच्या पलीकडून म्हातारी म्हणाली.

"आई म्हणते..." दाकेयाने सुरुवात केली.

"ऐकलंय मी," खडकाच्या अलीकडे बसलेला हाश्के म्हणाला. "त्यांना सांग, मोळी असती तर बरं झालं असतं. मोळी तोंड चालवत नाही. पण जरा नीट शब्दांत सांग."

दाकेयाने नीट शब्दांत सांगितले, "आई, त्यांना तुझी काळजी वाटते."

"कळलं त्यांचं काळजी वाटणं. मला काय ऐकू येत नाही?"

लेकी बोले जावया लागे, असे सोळा वर्षे चालले होते. अपाची जमातीतला माणूस बायकोच्या आईचे तोंड बघत नाही, तिच्याशी बोलत नाही, आणि तीही त्याच्याशी नाही. यात राग नसतो, मान असतो. हाश्के येताना दिसला की कोणीतरी हाळी द्यायचे आणि म्हातारी डोक्यावरून घोंगडी ओढून पाठ फिरवायची. सोळा वर्षांत त्याने सासूचा खोकला ऐकला होता, मातीत उमटलेली तिची पावले पाहिली होती आणि मेस्कलचा, म्हणजे भाजलेल्या घायपाताचा, सगळ्यात गोड गाभा दाकेयाच्या हातून खाल्ला होता. चेहरा तेवढा माहीत नव्हता.

आणि आज पहाटे याच मानाने घात केला. सरकारी पलटण तळावर चालून आली तेव्हा म्हातारी चूल फुंकत होती. झोपडीमागे पुरुषाच्या पावलांचा आवाज आला. जावईबापू खेचर घेऊन आले असतील, असे वाटून तिने सवयीने घोंगडी डोक्यावर घेतली आणि तोंड फिरवून बसली. बाकीच्या बाया पोरे घेऊन पळाल्या. ही आपली जावई पुढे निघून जायची वाट बघत राहिली. आलेला निळ्या डगल्याचा शिपाई होता. गोळी तिच्या नडगीतून गेली. दाकेयाने धुराच्या आडून तिला ओढत या खडकांपर्यंत आणले.

हाश्के तेव्हा ओढ्याकाठी खेचरे सोडवत होता. लढाईत त्याला कोणी कधी पुढे घातले नव्हते. त्याच्या नावाचा अर्थ संतापी, आणि माणूस असा की लाथ मारणाऱ्या खेचराचीही समजूत घालायचा. त्यावरून तळावर थट्टा चाले. आज मात्र तो खरोखर संतापला होता. पलटणीवर, हाती न लागलेल्या खेचरांवर, आपल्या दुखऱ्या गुडघ्यावर, आणि खडकाआड बसून नाही म्हणणाऱ्या बाईवर.

"दुपारच्या आत खिंड गाठली पाहिजे," तो म्हणाला. "बाकीचे पोचलेसुद्धा असतील. त्यांना सांग, पाठीला पाठ लावून नेतो. माझं तोंड पुढं, त्यांचं मागं. कोण कुणाला दिसणार नाही."

पलीकडून आवाज आला, "मग घोंगडी घट्ट बांध."

दाकेयाने घोंगडीची झोळी करून आईला बसवले आणि कातडी पट्टा नवऱ्याच्या कपाळावर चढवला. बायका सरपण आणतात तसा. हाश्के उठला तेव्हा त्याचा गुडघा कटकन वाजला.

"त्यांना सांग, पट्टा जरा वर घ्यावा," मागून सूचना आली. "नाहीतर मान धरेल. बायकांच्या कामाची सवय नसते पुरुषांना."

दाकेयाला हसू आले आणि लगेच रडूही. तिच्या स्वतःच्या पाठीवर लाकडी पाळणाफळीत बांधलेले सहा महिन्यांचे पोर होते.

"तू हो पुढं," हाश्के म्हणाला. "थांबू नकोस. आम्ही येतो."

"आणि दोघं बोलाल कसे?"

"बोलायचं काय आहे त्यात? चालायचं आहे."

ती पुढे गेली आणि वळणाआड दिसेनाशी झाली. हाश्के दगड चाचपत चढत राहिला. म्हातारी अंगाने चिमूटभर, पण चढावर तीही जड झाली. तिचा पाय कशाला लागला की ती श्वास ओढून घ्यायची, आणि तो उगाच खेचराला म्हणतात तसे "हळू, हळू" म्हणायचा.

"दाकेया, त्यांना सांग," एकदम मागून आवाज आला, "चार स्वार ओढा ओलांडतायत."

दाकेया तिथे नव्हती. हाश्के क्षणभर थबकला. मग म्हणाला, "दाकेया, त्यांना विचार, वाट सापडलीय का त्यांना?"

"दाकेया, सांग, पुढं डोक्याला लाल फडकं बांधलेला एक आहे. आपल्यातलाच. सरकारचं खातो मेला. वाट कशी चुकेल?"

हाश्केने वेग वाढवला. गुडघा वाढवू देईना. घाम डोळ्यांत उतरत होता, आणि पुसायला हात काढावा तर तोल जात होता.

"दाकेया, त्यांना सांग, मला इथं उतरवावं."

"दाकेया, सांग, मला ऐकू आलं नाही."

"सोळा वर्षं माझं पुटपुटणंसुद्धा ऐकलं, आणि आजच कान गेले? स्वार पायथ्याशी आलेत. तिचं पोर लहान आहे, त्यांना सांग."

तो तसाच चढत राहिला. म्हातारीच पुन्हा बोलली, पण आवाज बदलला होता.

"पोराचं डोकं एका बाजूनं चपटं होतंय. मान दुसऱ्या कुशीला वळवत जा म्हणावं तिला."

हे कोणाला सांगितले, ते हाश्केच्या ध्यानात यायच्या आत कपाळावरचा पट्टा सुटला. ओझे एकदम गेले आणि तो तोंडावर आपटला. तिच्याजवळ सुरी आहे, हे त्याच्या लक्षातच नव्हते.

तो उठला, पण मागे वळला नाही. डोळे गच्च मिटून, हात मागे पसरून, तो उलट्या पावलांनी उतारावर चाचपू लागला. पाठीत दगड बसला. त्याने आणखी एक पाऊल मागे टाकले. दुसरा दगड खांद्यावर आला.

"दाकेया, त्यांना सांग..." तो ओरडला, आणि पुढे काय सांगायचे ते त्याला सुचेना. अशा बाईला काय सांगायचे? तो संतापाने रडत होता. तिसरा दगड डोक्यात बसला, आणि तो जोरात मारलेला होता. मग हाश्के चढू लागला.

वळण घेतल्यावर खाली एक गोळी वाजली. एकच.

खिंडीत दाकेया एका दगडावर बसली होती. तिने त्याची रिकामी पाठ पाहिली, कपाळावरचा वळ पाहिला. गेलेल्या माणसाचे नाव घेत नाहीत, म्हणून तिने काही विचारले नाही. हाश्के तिच्याशेजारी बसला. खूप वेळ त्याला श्वासच पुरेना.

"निरोप आहे तुला," तो शेवटी म्हणाला. "पोराचं डोकं एका बाजूनं चपटं होतंय. मान दुसऱ्या कुशीला वळवत जा म्हणून."

दाकेयाने त्याच्याकडे पाहिले. "तुम्हाला सांगितलं? तुमच्याशी बोलली?"

"हो. माझ्याशी."

तिने पाळणाफळी मांडीवर घेतली आणि पोराची मान हलकेच दुसऱ्या कुशीला वळवली. पोर कुरकुरले आणि त्याने मान पुन्हा पहिल्या बाजूला नेली. तिने ती पुन्हा वळवली, आणि या वेळी हात तिथेच ठेवला.