दुसऱ्याच कारखान्याचा ब्रश

बिजागऱ्या विकणारा माणूस कधी प्रसिद्ध होईल, असं कुणी सांगितलं असतं तर त्याची थोरली बहीणच पहिल्यांदा हसली असती. पण तसं झालं खरं. कुलूपशेठनी कड्या, कोयंडे आणि बिजागऱ्यांचा डबघाईला आलेला कारखाना सावरला, त्यावर एक पुस्तक लिहिलं, आणि ते पुस्तक हातोहात खपलं. लिहिलं म्हणजे काय, शेठ येरझारा घालत बोलायचे आणि ताई टंकायची. मधूनमधून ती म्हणायची, "हे मागच्या पानावर झालंय," आणि शेठ म्हणायचे, "असू दे, लोकांना दोनदा सांगावं लागतं."

पुस्तकामागून टीव्ही आला. दर आठवड्याला एका अडचणीतल्या धंद्यात जायचं, तासभर बघायचं आणि निकाल द्यायचा, असा तो कार्यक्रम. निकाल बहुतेक वेळा एकच असे: "कुलूप लावा आणि घरी जा." हे वाक्य इतकं गाजलं की त्यांचं खरं नाव लोक विसरूनच गेले. भाजीवालीसुद्धा नासका टोमॅटो बाजूला टाकताना म्हणायची, "याला कुलूप लावा." शेठना त्याची गंमत वाटे. रस्त्यात कुणी हाक मारली की ते आवाज जरा खाली आणून तेच वाक्य म्हणून दाखवत.

मग तो ब्रशचा भाग झाला.

ब्रशचा कारखाना बापलेकीचा होता. नऊ माणसं, लांब बाकडी, लाकडाचा भुसा आणि सरसाचा वास. बाकावर त्यांचे ब्रश मांडलेले होते, आणि शेजारी कार्यक्रमवाल्यांनी तुलनेसाठी बाजारातून आणलेले तीन. शेठनी एक उचलला, केस चिमटीत धरून ओढले, तर अख्खा झुबका हातात आला. तो त्यांनी कॅमेऱ्यापुढे धरला.

"हा तुमचा माल?"

म्हातारे मालक म्हणाले, "साहेब, हा..."

"बोलू नका, आता मी बोलतोय," शेठ म्हणाले, आणि पुढची सात मिनिटं ते एकटेच बोलत राहिले. शेवटी ते प्रसिद्ध वाक्य आलं. मालकांचं तोंड अर्धवट उघडं राहिलं, आणि ते तसंच टीव्हीवर दिसलं.

तीन आठवड्यांनी ताई आणि शेठ घरी तो भाग बघत बसले होते. पडद्यावर ब्रश मोठा दिसत होता. त्याच्या दांडीवर लाल पट्टा होता.

"अरे, हा त्यांचा नाही," ताई म्हणाली. "त्यांच्या सगळ्या दांड्या बिनरंगी आहेत. मागे बघ ना, रांगेनं ठेवल्यात."

"गप बैस, ऐकू दे," शेठ म्हणाले. पण त्यांची नजर मागच्या रांगेवर गेली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी दिग्दर्शकाला फोन लावला. तो म्हणाला, "आता दाखवून झालं शेठ. दांडीकडे कोण बघतंय?" शेठनी ते ऐकलं, कारण ऐकणं सोयीचं होतं. घरात तो विषय पुन्हा निघाला नाही. पण तेव्हापासून रस्त्यात कुणी हाक मारली तर शेठ ते वाक्य म्हणेनासे झाले.

दोन वर्षांनी टीव्हीवाल्यांना नवा चेहरा हवा झाला. शेठच्या वाट्याला रेडिओ आला: रविवारी सकाळी श्रोत्यांचे फोन घ्यायचे आणि धंद्याच्या शंकांना उत्तरं द्यायची. काचेमागे निर्माती बसायची, आणि फोन आला की टेबलावरचा छोटा दिवा लागायचा. एरवी कशाला न भिणारे शेठ त्या दिव्याला भ्यायचे. प्रत्येक वेळी वाटे, आज ब्रशवाले असणार. दुसऱ्याच कुणाचा आवाज आला की त्यांचा जीव भांड्यात पडे, पण पुढचा दिवा लागेपर्यंतच. अशी चार वर्षं गेली.

मग प्रकाशकानं नवं पुस्तक मागितलं. नाव त्यानंच सुचवलं: 'माझ्या दहा चुका'. शेठ पुन्हा येरझारा घालू लागले आणि ताई टंकू लागली. नववी चूक आली तेव्हा तिचे हात थांबले.

"'मी माणसांवर फार विश्वास टाकला.' ही चूक आहे होय रे?"

"लोकांना आवडतं असं."

"यातल्या नऊच्या नऊ चुका म्हणजे स्वतःची पाठ थोपटणं आहे," ताई चष्मा काढत म्हणाली. "आणि दहावी?"

"दहावी सुचायची आहे."

"सुचायला कशाला हवी? तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. मी टंकायला बसलेय. तू सांगेपर्यंत पुढे एक अक्षर उमटणार नाही."

शेठ खिडकीशी जाऊन उभे राहिले. ताईचा हट्ट त्यांना लहानपणापासून माहीत होता. तिथूनच ते म्हणाले, "आधी जाऊन यायला हवं."

"जा की मग. पाय कुणी धरलेत?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच गेले. गल्ली तीच होती. कारखान्याच्या दारापुढे आले आणि थबकले. दाराला भलंमोठं कुलूप होतं, त्यावर गंज चढलेला. आपल्या एका वाक्यानं नऊ माणसांची चूल विझली, असं त्यांच्या मनात आलं, आणि ते तिथंच पायरीवर बसले.

शेजारच्या दुकानातून एका शिंपीणबाईनं मान बाहेर काढली. "ब्रशवाल्यांकडे आलात? मागून जा. ते दार फुगलंय, दोन वर्षं उघडत नाही."

"म्हणजे कारखाना चालू आहे?"

"चालू म्हणजे काय, दिवसभर ती यंत्रं घरघरतात. माझं डोकं उठतं."

शेठना त्या बाईचे पाय धरावेसे वाटले. ते जवळजवळ धावतच मागच्या दारी गेले.

आत पूर्वीपेक्षा जास्त माणसं होती. लेक आता चाळिशीला आली होती. ती बाकाशी बसून ब्रशाचे केस बसवायला तारेचा फास लाकडाच्या भोकातून ओढत होती. तिनं वर बघितलं, ओळखलं, पण हात थांबवला नाही.

"बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा पाय लंगडा आहे."

शेठ दुसऱ्या स्टुलावर बसले. वाटेत जुळवलेलं भाषण त्यांना एकाएकी आठवेना. ते एवढंच म्हणाले, "तो ब्रश तुमचा नव्हता."

"माहीत आहे."

"मला कार्यक्रम लागला त्या दिवशी कळलं. सहा वर्षं मी बोललो नाही."

"आम्हाला तुम्ही उचललात तेव्हाच कळलं," ती म्हणाली. "बाबा सांगत होते. तुम्ही म्हणालात, बोलू नका. नंतर आम्ही कार्यक्रमवाल्यांना तीन पत्रं लिहिली. उत्तर आलं की, तुमचा अभिप्राय मिळाला, कार्यक्रम असाच पाहत राहा."

शेठनी मान खाली घातली. "फार वाईट झालं का?"

"झालं ना. खोटं कशाला सांगू? दुकानदारांनी माल परत पाठवला. नऊपैकी पाच माणसं काम सोडून गेली. बाबा महिनाभर घराबाहेर पडले नाहीत." तिनं तार कापली. "मग एक माणूस आला. दुधाच्या कारखान्यात यंत्रं बघतो. टीव्हीवर तुमच्या मागच्या फळीवर गोल ब्रश दिसला, नळ्या साफ करायचा, तसाच तो कित्येक दिवस शोधत होता. मी विचारलं, आमच्याबद्दल एवढं वाईट ऐकून आलात कसे? तर म्हणाला, मी काही ऐकलंच नाही. बाळ झोपलं होतं, म्हणून आवाज बंद केला होता."

शेठना हसू आलं. ते त्यांनी दाबलं, पण तीही हसत होती.

"आता आम्ही चौदाजण आहोत," ती म्हणाली. "पण म्हणून तुम्ही सुटलात असं समजू नका."

"नाही समजत. काय करू, ते सांगा."

"ते बाबांना विचारा."

म्हातारे आतल्या खोलीत दांड्या मोजत होते. शेठनी सगळं त्यांच्यापुढे पुन्हा सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "मला काही नको. त्या दिवशी माझं वाक्य अर्धं राहिलं होतं. ते पुरं करू द्या."

रविवारी सकाळी शेठ त्यांना घेऊन रेडिओवर हजर झाले. निर्माती दारातच म्हणाली, "शेठ, नीट विचार केलात ना? लोक तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतात. तोच गेला तर कार्यक्रमात राहिलं काय?"

"बघू काय राहतं ते," शेठ म्हणाले.

त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. ब्रश दुसऱ्याचा होता, आपण न बघता उचलला, समोरच्याला बोलू दिलं नाही, कळल्यावरही गप्प बसलो. सगळं मिळून चार मिनिटं लागली. सहा वर्षं वागवलेलं ओझं चार मिनिटांत खाली ठेवता येतं, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. मग त्यांनी माइक म्हाताऱ्यांकडे सरकवला.

"साहेब, हा ब्रश आमचा नाही," म्हातारे म्हणाले. "त्या दिवशी मला एवढंच म्हणायचं होतं." मग ते पुढे म्हणाले, "आता बोलतोच आहे तर सांगतो, आमच्या ब्रशचा केस का निघत नाही." आणि मग लाकूड किती महिने वाळवायचं, तार कुठून घालायची, गाठ कुठं बसते, हे ते अकरा मिनिटं सांगत राहिले. निर्माती काचेमागून घड्याळ दाखवत होती. शेठनी तिच्याकडे पाठ केली.

म्हातारे थांबले आणि दिवा लागला. विझला की पुन्हा लागे. पहिला फोन एका लाँड्रीवाल्याचा होता.

"शेठ, मलाही तुम्ही कुलूप लावा म्हणाला होतात. मी लावलं, पण आतून. बाहेर कुणाला दिसलं नाही, आत काम चालू होतं. आता तीन दुकानं आहेत."

दुसरा फोन चपला शिवणाऱ्या दोघा भावांचा. त्यातला धाकटा म्हणाला, "आम्ही तुमचं ऐकलंच नाही. टीव्हीवर यायचं होतं, आलो, संपलं. एवढं काय मनाला लावून घ्यायचं?" काचेमागे निर्मातीनं तोंडावर हात धरला.

एक बाई मात्र हसत नव्हती. "मी ऐकलं तुमचं," ती म्हणाली. "माझं कापडाचं दुकान बंद केलं. तेव्हा बरोबर होतं की नाही, अजून कळत नाही."

शेठ म्हणाले, "मलाही कळत नाही. तुम्ही पत्ता द्या. मी येतो, तुम्ही बोला, मी ऐकतो." बाईंनी पत्ता दिला. त्यांनी तो स्वतःच्या हातानं लिहून घेतला.

कार्यक्रम संपला तेव्हा ताई बाहेरच्या खोलीत बसली होती. तिथल्या स्पीकरवर तिनं सगळं ऐकलं होतं.

"लोक तुझं ऐकत नव्हते, हे कळल्यावर इतका खूश झालेला माणूस मी पहिल्यांदाच बघतेय," ती म्हणाली.

"अगं, मला वाटत होतं मी देशोधडीला लावलं सगळ्यांना."

"तेवढी तुझी ताकद नाही."

म्हाताऱ्यांना न्यायला लेक आली होती. तिनं शेठकडे बघून नुसती मान हलवली. ते दोघं गेल्यावर बहीणभाऊ पायीच घरी निघाले. वाटेत शेठनी पुस्तकाचा विषय काढला. त्या नऊ चुका काढून टाकायच्या, ते म्हणाले, आणि एकच सविस्तर लिहायची. प्रकाशक कुरकुरेल, पुस्तक बारीक होईल. ताई म्हणाली, होऊ दे, तिची बोटंही दुखतात आताशा.

घरी आल्यावर शेठ पोटभर जेवले. मग बूटसुद्धा न काढता कोचावर आडवे झाले, आणि ताई पाण्याचा पेला घेऊन येईपर्यंत त्यांना गाढ झोप लागली होती.