पोटातलं लोखंड

तुम्हीच सांगा, बाजारात विश्वास कुणावर ठेवावा? खोक्यावर छापलेल्या आकड्यावर, विकणाऱ्याच्या जिभेवर, की आपल्याच हाताला लागणाऱ्या वजनावर? उत्तराची घाई करू नका. मी या तिन्ही ठिकाणी लोकांना फसवून बसलेला गडी आहे, म्हणून विचारतोय.

मी एक पॉवर सप्लाय. कॉम्प्युटरच्या पेटीत खालच्या कोपऱ्यात विटेएवढा काळा डबा असतो ना, एका अंगाला पंखा आणि दुसऱ्या अंगाला केबलींचा झुपका, तो मी. भिंतीतली वीज घ्यायची, तिचा तापटपणा उतरवायचा आणि पेटीतल्या प्रत्येकाला पचेल तेवढी वाढायची, हे माझं काम. जेवणारे ताटातल्या भाजीचं कौतुक करतात, वाढणाऱ्याचं नाव कुणी घेत नाही. वाढणारा अर्ध्यात थांबला की मात्र सगळ्यांच्या माना वळतात.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. पाठीवर '६५० वॅट' असा चकचकीत कागद चिकटवला, तेव्हा पोटात अजून काहीच नव्हतं. आधी नाव, मग जीव! नंतर जे भरलं ते बघून मलाच कसंतरी झालं. तांब्याची तार केसासारखी, वीज साठवणारे डबे अंगठ्याच्या पेराएवढे. साडेतीनशे वॅट दिले तरी धाप लागावी, असा एकूण ऐवज. झाकण लावायच्या आधी एका कामगारानं मुठीएवढा लोखंडाचा ठोकळा घेतला आणि गरम डिंकानं माझ्या पोटात चिकटवला.

शेजारच्या पट्ट्यावरच्या नव्या बाईनं विचारलं, "हा कशाला? याला ना तार, ना काही."

"गिऱ्हाईक हातात घेऊन बघतं. हलका लागला की परत ठेवतं."

"मग तारच जाड घाला की."

"तार महाग पडते, बाई. लोखंड स्वस्त."

त्या दिवसापासून मला चैन नाही. मालाला बोलता येत नाही हे बरं, असं कारखानदार म्हणत असतील. पण पोटात खोटं घेऊन फळीवर उभं राहणं काय असतं, ते त्यांनी एकदा करून बघावं.

मी ज्या दुकानात आलो ते एका अरुंद जिन्यानं वर होतं. सुटे भाग घेऊन गेम खेळायचे कॉम्प्युटर जुळवून देणारी एक बाई ते चालवायची. सगळे तिला ताई म्हणत. शाळा अर्ध्यात सुटलेली, पण घरचा बिघडलेला रेडिओ उघडता उघडता शिकत गेली. मी आठ महिने फळीवर होतो. धंद्यातलं जे काही कळतं ते तिथूनच ऐकून ऐकून कळलं.

माणसं भाग निवडायला येतात आणि सुरुवात काचेपासून करतात. काचेची पेटी, तिच्यात फिरणारे रंगीत पंखे. एकाला ताईनं विचारलं, "कुठले गेम खेळणार?" तो म्हणाला, "ते नंतर बघू, आधी पेटी दाखवा." दुसऱ्यानं गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "लाल दिवे लावले की वेग वाढतो का हो?" ताई म्हणाली, "वाढतो ना. बिलाचा." माझी चौकशी सगळ्यांत शेवटी, निघताना छत्री आठवावी तशी.

ताईची एक पद्धत होती. पॉवर सप्लाय द्यायच्या आधी ती तो डाव्या तळहातावर घ्यायची, डोळे मिटायची आणि हात दोनदा वरखाली करायची. "तांबं खोटं बोलत नाही," असं तिचं म्हणणं. खरंच आहे ते. पण लोखंड बोलतं, हे तिला ठाऊक नव्हतं.

एका दुपारी तिघं जिना चढून आले. पुढे हातात मोबाइल आणि त्यात लांबलचक यादी घेतलेला जावई. मागे सासू. आणि कठड्याला धरत धरत सासरे. चौतीस वर्षं लांब पल्ल्याचा ट्रक चालवलेला माणूस. त्यांच्या हाताखाली शिकलेले सगळे त्यांना वस्ताद म्हणत. दोन वर्षांपूर्वी हाताला कंप सुरू झाला, डॉक्टरांनी मान हलवली आणि लायसन गेलं. तेव्हापासून वस्ताद खिडकीशी बसायचे आणि रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा नुसता आवाज ऐकून सांगायचे, "याचा क्लच गेलाय," "याची मागची पाटी सुटलीये."

त्यांच्या जुन्या क्लीनरनं, ज्याला अजून सगळे बारक्याच म्हणतात आणि जो स्वतः आजोबा झालाय, त्यानं फोनवर सांगितलं होतं की ट्रक चालवायचा एक गेम असतो. आपापल्या घरी बसायचं, हातात स्टिअरिंग धरायचं आणि पडद्यावर सहा गाड्या एकामागे एक काढायच्या. दर रविवारी सकाळी दहाला जुनी मंडळी निघत होती. पुढची जागा वस्तादांसाठी राखून ठेवली होती.

"जन्मभर गाडी घराबाहेर ठेवलीत," सासूबाई म्हणाल्या, "आता घरात आणताय! डिझेल सांडलं तर मी पुसणार नाही, आत्ताच सांगते."

जावई यादी वाचत गेला. ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरचं चित्र रंगवणारा भाग, सगळ्यांत दांडगं. प्रोसेसर चांगला. पेटी काचेची. दिव्यांचे पंखे सहा. मग पॉवर सप्लायपाशी येऊन तो म्हणाला, "हा जो बसेल तो द्या."

ताईनं पेन खाली ठेवलं. "असं करू नका. दोन पंखे कमी करा आणि हा वरच्या दर्जाचा घ्या. कार्ड दांडगं आहे, त्याला खायला घालणारा नको का?"

"अहो ताई, तो आत झाकलेला. दिसतो कुणाला?"

वस्ताद काहीतरी बोलणार होते. सासूबाईंनी त्यांची बाही ओढली. "जावईबापू एवढा जीव ओतून करताहेत, तुम्ही कशाला शब्द मोडता?" सासरवाडीत जावयाचं चुकतं ते कुणी बोलून दाखवत नाही. हळूच मागे आवरून घेतात. पण मशीनला नातं कळत नाही.

ताईनं उरलेल्यांत बघायला सुरुवात केली. एक उचलला, ठेवला. दुसरा उचलला, ठेवला. मग मी. डाव्या तळहातावर गेलो. तिनं डोळे मिटले. नको म्हण, नको म्हण, असं मी मनात घोकत होतो.

"याला वजन आहे," ती म्हणाली. "हा चालेल."

आमच्या जातीतलं एक सांगून ठेवतो. पंखा बिघडला तर पंखा बदलता येतो. पॉवर सप्लाय वाईट मेला तर एकटा मरत नाही, जाताना शेजाऱ्यांनाही नेतो. म्हणून वस्तादांच्या घरी पहिल्या दिवसापासून मी जीव मुठीत धरून वीज वाढत होतो.

सपाट रस्त्यावर काही अडलं नाही. वस्ताद स्टिअरिंगवर बसले की त्यांच्या खांद्यांचा आकारच बदलायचा. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "अहो, वाटेत थांबून चहा घेणार, की इथंच आणू?" दोघं हसले. त्या घरात बऱ्याच दिवसांत हसू नव्हतं, असं टेबलाखालूनसुद्धा कळत होतं.

मग शुक्रवारी घाट लागला. पडद्यावर पाऊस, वळणं, समोरून येणारे दिवे. एवढं सगळं रंगवायला कार्डाला एकदम भूक लागली. मागणी वाढली, आणखी वाढली. माझी तार पोळायला लागली. आता थांबलो नाही तर सगळे जळतील, म्हणून मी दार लावून घेतलं. पडदा काळा. पंखे बंद.

वस्तादांनी पुन्हा चालू केलं. घाट, पाचवं वळण, काळोख. संध्याकाळी जावई येऊन बघून गेला. त्यानं गेम बदलून पाहिला, केबली काढून घातल्या, त्या वेळी सगळं सुरळीत चाललं. तो वाईट माणूस नव्हता, पण त्याला पटकन उत्तर हवं होतं. "मामा, मशीन ठणठणीत आहे. तुमचा हात कुठंतरी लागत असेल. कंपामुळे बटण दाबलं जातंय."

वस्तादांनी हाताकडे पाहिलं. तो थरथरत होताच. थोडा वेळ त्यांनी तो मांडीखाली दाबून धरला.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, सकाळी त्यांनी बारक्याला फोन लावला. "उद्या पुढं तूच राहा. नाही, मी येत नाही. अरे, खरी गाडी गेली तेव्हा वाटलं डॉक्टर चुकला असेल. आता ही खोटी पण हातात राहत नाही. बरोबर होता तो."

मी ऐकत होतो. हात निर्दोष होता. दोष माझ्या पोटात होता, मुठीएवढा. चौतीस वर्षं वळणं काढलेला माणूस माझ्यामुळे स्वतःवरचा विश्वास घालवून बसला होता आणि मला 'मी, मी' एवढंही म्हणता येत नव्हतं.

पण त्या शुक्रवारच्या उष्णतेनं एक काम केलं होतं. डिंक मऊ झाला होता.

फोन ठेवल्यावर सासूबाई केर काढायला आल्या. त्यांनी पेटीची केबल काढली आणि पेटी जरा तिरकी करून सरकवली. पोटातला ठोकळा सुटला.

खुळ्ळ.

वस्ताद खिडकीशी होते. त्यांनी मान वळवली. "परत सरकव."

"अहो, केर काढू दे ना!"

"सरकव म्हणतो ना."

खुळ्ळ.

"गाडीत काहीतरी सुटलंय," वस्ताद म्हणाले. फोनवर जावई म्हणाला, "मामा, कॉम्प्युटरला असं काही सुटत नसतं." वस्ताद म्हणाले, "जावईबापू, तुमचं शिक्षण मोठं. पण आवाज मी ऐकलाय." इतकंच. आणि स्टिअरिंग पिशवीत घालून, पेटी रिक्षात मांडीवर घेऊन दोघं नवरा-बायको दुकानात आले.

ताईनं मला बाहेर काढलं आणि कानाशी धरून हलवलं. खुळ्ळ. तिचा चेहरा उतरला. तिनं स्वतःच्या कामाच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमधला पॉवर सप्लाय काढला, वस्तादांच्या पेटीत बसवला, पडदा जोडला. "काका, घाट काढा."

वस्ताद स्टिअरिंगला हात लावेनात. "माझा हात..."

"हात तुमचा, जबाबदारी माझी. काढा."

मी टेबलावर उताणा पडून बघत होतो. पाऊस आला. पहिलं वळण, दुसरं. हात थरथरत होता, स्टिअरिंगही किंचित थरथरत होतं, पण गाडी आपल्या रेषेत होती. पाचवं वळण. सासूबाईंनी डोळे मिटले. सहावं. सातवं. माथा आला, उतार लागला आणि वस्तादांनी सवयीनं हॉर्न वाजवला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सासूबाई फक्त म्हणाल्या, "इतका काय भोंगा वाजवायचा, दुकानात आहोत आपण." आणि पदरानं डोळे टिपले.

"हा माझाच राहू दे तुमच्याकडे, वरचं काही देऊ नका," ताई म्हणाली. "आणि जुना आज उघडायचा नाही, आत वीज दडलेली असते. सोमवारी या."

सोमवारी वस्ताद जावयाला घेऊनच आले. रविवारी सहाच्या सहा गाड्या मुक्कामाला पोचल्या होत्या, पुढची त्यांची. ताईनं माझे स्क्रू काढले. ठोकळा टेबलावर टणकन पडला.

जावयानं तो बघितला, मग सासऱ्यांकडे बघितलं. "मामा, मी उगाच तुमच्या हाताला..."

वस्तादांनी ठोकळा आपल्या थरथरत्या तळहातावर घेऊन जोखला. "आमच्यातही असायचे असे. वाळूवर पाणी मारून काट्यावर वजन दाखवणारे. पुढच्या वळणावर गाडी सांगायचीच."

"चूक माझ्या हाताची, काका," ताई म्हणाली. "वीस वर्षं या हातावर विसंबले."

"मग आपण दोघंही हातानंच फसलो की," वस्ताद म्हणाले आणि मोठ्यानं हसले.

आता मी ताईच्या काउंटरवर असतो, झाकण उघडं, शेजारी ठोकळा. वीज बंद झाली, पंखा थांबला, तरी इतका निवांत मी कधीच नव्हतो. अजून जिन्यावर पावलं वाजली की धस्स होतं, पण आता लपवायला काही उरलं नाही. गिऱ्हाईक आलं की ताई आधी मला त्याच्या हातात देते. "वजन कसं वाटतं?" "दणकट!" मग ती ठोकळा दाखवते आणि पुढे कागद सरकवते. प्रत्येक भाग किती वॅट खाणार ते एका बाजूला, खायला घालणारा खरोखर किती देतो ते दुसऱ्या बाजूला. डब्यावर छापलेला आकडा नाही, तिनं स्वतः चालवून तपासलेला. तळहातावर जोखणं तिनं सोडून दिलंय.

तुम्हीही कधी अशी पेटी जुळवायला बसाल. तेव्हा दिव्यांपासून सुरुवात करू नका, माझ्यापासून करा. आणि तो दोन बाजूंचा हिशेब खरा लिहा, जावयाची भीड न धरता. खोटा आकडा छापून जाणारा कुठल्या कुठे निघून जातो. पडदा काळा झाला की आपल्या हाताकडे बघत बसतो तो दुसराच कुणीतरी असतो. त्याच्यासाठी तरी हिशेब खरा लिहा.