डाव्या कानातली भिकबाळी

फाल्गुन सरत आला होता आणि भैरवखोऱ्यात वारा नुसता हिंडत होता. पळसांचे पर्णहीन, पेटते पसारे. करड्या कड्यांच्या उतरणीवर वाळल्या गवताच्या पिवळ्या लाटा. वर निर्मेघ, नितळ, निष्ठुर आभाळ. वारा यायचा, धूळ उठवायचा, दारं वाजवायचा, निघून जायचा. त्याला कुठंच चैन पडत नव्हतं.

आणि चैन पडावं तरी कुणाला? लढाई संपली होती म्हणे. एका बापाचे दोन लेक, एक गादी, आणि कंपनी सरकारच्या पलटणी तिकडं उत्तरेच्या बंडात गुंतलेल्या. तेवढ्या सवडीत थोरल्या सरकारांनी आणि धाकट्या सरकारांनी आपसांत तलवार उपसली. शेतकऱ्याच्या घरात भाऊबंदकी झाली तर बांध उकरला जातो. राजवाड्यात झाली की गावंच्या गावं उकरली जातात. थोरले जिंकले, धाकटे पळाले, आणि मरायचे ते मेले.

दोन्ही फौजांत माणसं याच खोऱ्यातली. तीच मुंडाशी, तीच बोली, तोच भैरोबा. रणात पडलेला देह थोरल्यांचा की धाकट्यांचा, हे सांगायला आभाळातल्या घारीसुद्धा असमर्थ होत्या. म्हणून या लढाईत एक चाल पडली होती. शिपाई लढायला निघण्याआधी आपली तसबीर काढून घ्यायचा आणि कमरबंदात शिवून ठेवायचा. निदान आपल्या नावानं कुणी पाणी तरी सोडावं, एवढीच त्याची मागणी असायची.

त्या तसबिरी काढायचा विसाजी जीनगर. बापजाद्यांचा धंदा खोगिरांचा आणि भिंतीवरच्या चित्रांचा. पण विसाजीनं मुंबईत एका साहेबाकडं राहून पत्र्यावर माणूस उतरवायची विद्या उचलली होती. एक बैलगाडी, तिच्यावर काळ्या कापडाची अंधारखोली, पितळी नळीची लाकडी पेटी, औषधांच्या बाटल्या. आणि एक विलायती रायफल.

ती रायफल उडत नव्हती. आतला चाप कधीच मोडला होता. पण तिची ती लांब, निळसर, नागमोडी झळाळी! शिपायांच्या हाती आज्याच्या काळातल्या तोड्याच्या बंदुका, गंजक्या, दोरीनं बांधलेल्या. तसबिरीत मात्र जो तो विसाजीची रायफल छातीशी धरून उभा राहायचा. सकाळी थोरल्यांच्या छावणीत, दुपारी नदी ओलांडून धाकट्यांच्या. एकमेकांचे गळे कापायला निघालेली पोरं एकाच बंदुकीला मिठी मारून गेली. विसाजीला याचं हसू यायचं. पुढं पुढं येईनासं झालं.

आता दरबाराचा हुकूम झाला होता: मेलेल्यांच्या कमरेला सापडलेले पत्रे ज्यानं काढले त्यानंच गावोगाव न्यावेत आणि ओळख पटवावी. देह तर एकत्रच जाळले गेले होते. विसाजी दारोदार फिरत होता, आणि तो मागं वळला की त्या दारातून हंबरडा उठत होता. यमाचा निरोप्या व्हायला ही विद्या शिकलो काय, असं त्याच्या मनात येई आणि जेवण जात नसे.

असा तो त्या दिवशी ऐन उन्हात आंबवड्याला आला, लक्षूबाईच्या अंगणात.

लक्षूबाईचा एकुलता एक लेक हैबती धाकट्यांच्या फौजेत गेला होता. त्याच्या आधीची लेकरं पाळण्यातच गेलेली. हैबती जन्मला तेव्हा लक्षूबाईनं दारोदार पदर पसरला, भिकेचं सोनं गोळा केलं, आणि त्या सोन्याची भिकबाळी लेकाच्या उजव्या कानाच्या वरच्या पाळीत घातली. भीक मागून घेतलेला जीव काळाला नेता येत नाही, अशी रीत, अशी श्रद्धा. ती बाळी त्या कानात वाढली, त्या कानाबरोबर तरणी झाली. रीतच तशी आहे. ती उजव्याच कानात असते.

आणि हैबतीची बायको चिमा. लग्नाला दोन पावसाळे झालेली, सावळी, सुरेख, शांत. लढाई संपल्यापासून तिचा जीव टांगणीला लागला होता. वाटेवर धूळ उठली की ती उंबऱ्यात येई. धूळ बसली की आत जाई. कपाळावरचं कुंकू खरं आहे की खोटं, एवढंच तिला हवं होतं. आणि तेवढंच कुणी सांगत नव्हतं.

विसाजीनं पत्रा पुढं केला.

काळसर, चकचकीत तुकडा. त्यात रायफल धरलेला एक तरणा. तीच दाट भुवई, तीच हट्टी हनुवटी. चिमानं खांब धरला.

लक्षूबाईनं मात्र पत्रा उन्हात धरला, डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. "ही बंदूक कुनाची? माझ्या हैबाकडं कुठली असली बंदूक?"

"बंदूक माझीच, आई," विसाजी म्हणाला. "समद्यांच्या हातात मीच दिली. ती बघा, चाकाला टेकवलीय."

म्हातारीचं बोट पत्र्यावर फिरता फिरता थांबलं आणि तिथंच रुतून बसलं. "चिमे, हिकडं ये. हे बघ. ह्याची बाळी डाव्या कानात हाय."

चिमा वाकली. खरंच. पत्र्यातल्या माणसाच्या डाव्या कानात भिकबाळी होती. उजवा कान कोरा, उघडा.

"हा माझा हैबा न्हाई," लक्षूबाई शांतपणे म्हणाली. "तोंडवळा असंल सारखा. जगात काय एकासारखा एक माणूस नसतो? पर माझ्या लेकाचा कान मला शिकवू नगंस. ते सोनं मी भीक मागून आणलंया."

विसाजीला ठाऊक होतं. पत्र्यावर प्रत्येक गोष्ट उलटी उतरते. डाव्याचं उजवं होतं, उजव्याचं डावं. शिपायांना तो हे सांगत नसे, कारण कुणी विचारत नसे. आता एक वाक्य पुरलं असतं. "आई, ह्या पत्र्यात..." त्यानं सुरुवात केली, आणि चिमाचा चेहरा पाहिला. त्या चेहऱ्यावर रक्त परत येत होतं, श्वास परत येत होता. आटलेल्या विहिरीत झरा फुटावा तसा जीव परत येत होता. विसाजीनं तोंडात मिठाची गुळणी धरली. भित्रा म्हणा, भला म्हणा; मी तर म्हणतो, त्या जागी तुम्ही-आम्ही काय वेगळं केलं असतं?

"कुना दुसरीचा असंल," चिमा हळूच म्हणाली. "बिचारी."

बस्स, म्हातारीला आनंदाचं उधाण आलं. तिनं विसाजीला ताक दिलं, गूळ दिला, बसायला घोंगडं दिलं. आणि मग तिच्या मनात नवंच काही आलं. "जिनगरदादा, माझ्या सुनंची तसबीर काढ. हैबा आला की त्याला दाखवीन. म्हनंन, तू गेलास ऱ्हायला रानात, हिकडं बायकू बघ कशी वाळली."

"ऊन लई हाय, आई. औषधं संपल्यात."

"मघा गाडीत बाटल्या वाजत हुत्या, त्या काय दह्याच्या?"

चिमा हसली. कित्येक दिवसांनी हसली. विसाजीला नाही म्हणवेना.

त्यानं पांढऱ्या भिंतीपुढं पाट मांडला. चिमानं आतून लुगडं बदलून, नथ पुसून, नीट घालून यावं, असा म्हातारीचा हुकूम. त्याप्रमाणे ती आली आणि पाटावर बसली. टपोऱ्या मोत्यांची, लाल खड्याची नथ डाव्या नाकपुडीत झुलत होती. ती नथ पाहिली आणि विसाजी झटकन पेटीमागून पुढं आला.

"पदर जरा म्होरं घ्या, ताई. असा गालावरनं. त्वांड थोडं तिकडं."

चिमानं पदर ओढला. नथ झाकली गेली. विसाजी पेटीकडं वळला.

"काय रं हे," लक्षूबाई पुढं झाली. "मयताला बसल्यागत कशापायी? नथ दिसू दे की. तिच्या बापानं काय चुलीत घालायला दिलीया?" आणि तिनं आपल्या हातानं पदर मागं सारला, हनुवटी धरून सुनेचं तोंड समोर केलं. "आता बघू कशी दिसत न्हाई ते."

ऊन स्थिर झालं. वारा भिंतीआड थबकला. पितळी झाकण निघालं, आणि चिमा न हलता, न बोलता, डोळ्यांत सगळी आशा गोळा करून त्या काळ्या गोल भोकाकडं पाहत राहिली. ती कुणाकडं पाहत होती ते सांगायला नको.

झाकण बसलं. विसाजी काळ्या कापडात शिरला, बाहेर आला, पत्रा औषधाच्या परातीत सोडला. लक्षूबाई चुलीवरचं दूध पाहायला आत गेली होती. चिमा एकटीच परातीशी उकिडवी बसली. पाण्याखाली आधी निळसर दुधाळ धुकं होतं; मग धुकं विरलं, सावल्या बसल्या, भुवया आल्या, ओठ आले, एकेक मोती उजळत गेला. एक बाई तळातून वर आली.

"अगंबाई," चिमा खुलून म्हणाली, "घंगाळातल्या पान्यात दिसते तश्शीच की मी."

आणि ती थांबली.

पाण्यात दिसते तशी. रोज सकाळी घंगाळावर वाकून नथ अडकवताना पाण्यातली बाई उलट्या हातानं अडकवते. हे कुठल्या बाईला ठाऊक नसतं? पाण्यात डाव्याचं उजवं होतं. चिमाचा हात नाकाकडं गेला, डाव्या बाजूला. पत्र्यातल्या बाईची नथ उजव्या नाकपुडीत होती.

तिनं विसाजीकडं पाहिलं. विसाजीनं मान खाली घातली. त्या खाली गेलेल्या मानेनं सगळं सांगितलं.

चिमा रडली नाही. ती उठली, गाडीच्या चाकाशी गेली, टेकवलेल्या रायफलीपुढं उभी राहिली. पत्र्यातला हात नळीच्या खाली, लाकूड जिथं संपतं तिथं होता. तिनं तिथं आपला तळवा ठेवला. लाकूड उन्हानं तापलं होतं, किती तरी हातांनी गुळगुळीत झालं होतं, आणि त्यातला हैबतीचा हात कुठला ते लाकडाला ठाऊक नव्हतं. तिला वाटलं, इथंच बसावं, बांगड्या या चाकावर फोडाव्यात, गाव गोळा होईल असा टाहो फोडावा. तो तिचा हक्क होता.

आतून लक्षूबाईच्या ओवीचा सूर आला. म्हातारी कित्येक दिवसांनी गुणगुणत होती.

चिमा परत आली. तिनं परातीतला पत्रा उचलला, न पुसता, निथळता, तसाच पदराआड धरला. आपली नथ म्हातारी रोज समोरून पाहते. तिला पत्रा दिसला तर तिलाही कळायला वेळ लागणार नाही.

"दादा," ती हलक्या आवाजात म्हणाली, "बिघडली म्हनून सांगा. आनि त्यांचा पत्रा मला द्या. दरबारात सांगा, आंबवड्यात वळख पटली."

विसाजीनं हैबतीचा पत्रा तिच्या हातात ठेवला. नवरा-बायको पदराआड समोरासमोर आले, एक ओला, एक कोरडा.

"झाली का?" लक्षूबाई बाहेर आली. "दाव की."

"बिघडली, आई," विसाजी म्हणाला. "ऊन जास्ती झालं."

"मी म्हनलंच हुतं, ह्याला जमत न्हाई," म्हातारी फणकारली. पण तिचा राग टिकेना. आज तिला कशाचाच राग टिकत नव्हता. तिनं सुनेच्या तोंडाकडं पाहिलं. "आगं, एवढं तोंड पाडायला काय झालं? हैबा आल्यावर दोघांची मिळून काढू. आनि हे कपाळ बघ, घामानं समदं कुंकू वघळलं तुझं."

ती आत गेली आणि करंडा घेऊन आली. वारा पुन्हा सुटला, अंगणभर पळसाच्या पाकळ्या लोळवत गेला. लक्षूबाईनं करंगळीशेजारच्या बोटावर थोडं कुंकू घेतलं, दुसऱ्या हाताचा आडोसा केला, आणि वाऱ्यात ते उडू नये म्हणून अगदी जवळ आली.

चिमानं डोळे मिटले, आणि कपाळ पुढं केलं.